उतरवलेला बिस्तरा

त्याचा बिस्तरा मी उतरवायला लावला. हे एवढं साधं वाक्य तोंडातून निघायला मला बरेच दिवस लागले. तोवर मी 'गाडी बदलीवर द्यायची होती', 'केबिन साफ करायची होती', 'त्याला विश्रांतीची गरज होती' असं काही ना काही म्हणत होतो. त्यातलं काही खोटं नव्हतं. पण चूक माझी होती आणि ती कळत असताना केलेली होती, म्हणून तीच आधी सांगतो.

ट्रकच्या केबिनमध्ये सीटच्या मागे झोपायला फळी असते. तिच्यावर ड्रायव्हरची गादी, उशी, चादर. खाली छोटा स्टोव्ह, एखादं पातेलं, चहाचा कप. समोर काचेपाशी देवाचा फोटो. हे सगळं मिळून आमच्या धंद्यात बिस्तरा. ड्रायव्हर आजारी पडो, बहिणीच्या लग्नाला जावो, महिनाभर गावी राहो, बिस्तरा गाडीतच राहतो. बदलीवर आलेला माणूस त्याच गादीवर आपली चादर टाकून झोपतो आणि सकाळी दुसऱ्याच्या देवाला अगरबत्ती लावून गाडी काढतो. बिस्तरा वर आहे तोवर गाडी त्याची. बिस्तरा खाली आला की त्या माणसाला काढला. मग कोणी त्याला काही सांगत नाही आणि तोही विचारत नाही, पोतं उचलतो आणि गेटबाहेर पडतो.

मी उमेदीची सगळी वर्षं स्टिअरिंगवर काढली आहेत. मला हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गुडघे बोलायला लागले तेव्हा गाडी सोडली आणि फुरसुंगीजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात लागलो. कुठल्या गाडीवर कोण जाणार, कुठला माल कधी निघणार, हे मी बघतो. घर वारज्यात. रोज मोटरसायकलवर हायवेने कात्रज, कोंढवा करत यार्डात येतो. साताऱ्याकडून कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडून उतारावर येणारे ट्रक रोज शेजारून जातात, आणि आत कोण बसलाय ते बघायची सवय अजून सुटलेली नाही.

आमचे शेठ तरुण आहेत. वडिलांनंतर धंदा हातात आल्यावर त्यांनी दोन गोष्टी सुरू केल्या. गाडी सुटायच्या आधी प्रत्येकाने एका यंत्रात फुंकायचं, म्हणजे दारू प्यायली असेल तर कळतं. आणि त्यानंतर पाच मिनिटं मी सगळ्यांशी बोलायचं. शेठ मला म्हणाले, "काका, ड्रायव्हर्सना मेंटल स्ट्रेस असतो, कोणी बोलत नाही. तुम्ही त्यांच्यातले आहात. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

मग मी रोज सांगायचो. झोप लागत नसेल, दारू सुटत नसेल, जिवाला घोर लागला असेल, तर मला येऊन सांगा. कोणाचं काम जाणार नाही. माझा शब्द.

"दादा, माझं मन लागत नाय," एकजण म्हणाला. "बायको माहेरी गेलीय."

"मग इथे काय करतोयस? जा, मजा कर," मी म्हणालो.

हसले सगळे. असं चालायचं. गंभीर काही कोणी बोलत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात बरं वाटत होतं.

एक माणूस मात्र माझा शब्द खरा धरून बसला.

तो माझ्याहून चार-सहा वर्षांनी लहान. सासवडच्या पुढचा. कधीकाळी आम्ही दोघं एकाच गाडीवर होतो, बंगळूरच्या लाइनवर. लांबचा पल्ला असला की दोन ड्रायव्हर असतात, एक चालवतो तेव्हा दुसरा झोपतो. एकमेकांच्या घोरण्याची, खोकल्याची, शिव्यांची इतकी सवय झाली होती की घरी गेल्यावर चुकल्यासारखं वाटायचं. पुढे मी यार्डात आलो, त्यानंतर काही वर्षांनी तोही आमच्याकडेच आला.

त्या दुपारी मी रॉड मारून टायरची हवा बघत होतो. तो मागे येऊन उभा राहिला.

"दादा, बोलायचं व्हतं."

"बोल की."

"हितं नको. वर चला."

आम्ही त्याच्या केबिनमध्ये चढलो. तो सवयीने स्टिअरिंगमागे बसला, मी शेजारी. गाडी उभी होती तरी त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मला बोगद्याचं भ्या वाटतंय."

मी हसलो. "किती वर्षं जातोयस त्या बोगद्यातून?"

"म्हनूनच सांगतोय. हसू नका." त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "आत शिरलं की छातीत धडधड व्हती. हात बधिर व्हत्यात. वाटतं आता श्वास संपला. गाडी चालतीय म्हनून मी चालतोय, असं. आता शिंदेवाडीच्या अलीकडं गाडी कडंला घेतो. उतरून पानी पितो. मागचे हॉर्न मारून शिव्या देत्यात. मग कसातरी आत घालतो. आन बाहेर पडलं की लगेच तो उतार."

"कधीपासून?"

"झालं वरीस. आन दुसरं सांगतो, एकदम सांगतो, परत सांगायचं व्हनार नाय माझ्याच्यानं. गोळ्या घेतोय. कंबर धरली व्हती तवा ढाब्यापाशी टपरीवाल्यानं दिली. कंबर ऱ्हायली, झोप ग्येली, लई भारी वाटलं. आता कंबर दुखत नाय. पन गोळी नसली तर घाम सुटतो, अंग मोडून येतं. गोळीबिगार मला गाडी काढता येत नाय."

"दारू?"

"दारू नाय. तुमच्या फुंकन्यात रोज पास हाय मी." एवढं बोलून तो किंचित हसला. ते यंत्र फक्त दारू ओळखतं.

मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "दादा, तुमी घेतल्यात का कधी?"

"छे रे," मी म्हणालो. "मी नाही कधी हात लावला."

तो पुन्हा काचेतून समोर बघू लागला. "बरं," म्हणाला.

त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला फार वेळ लागला.

पुढच्या काही गोष्टी मी नीट केल्या, त्याही सांगतो, कारण माझं सगळंच चुकलं असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. त्याच्या हातात गाडी दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हडपसरला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. बाहेर बाकावर बसलो असताना तो म्हणाला, "लोक म्हनतील, येड्याच्या डॉक्टरकडं ग्येला." मी म्हणालो, "पोटाच्या डॉक्टरकडे गेलो म्हणून सांग." इथेही मी त्याला खोटंच शिकवलं. डॉक्टरबाईंनी त्याचं सगळं शांतपणे ऐकलं. बोगद्यात होतं तो आजार आहे, त्याला औषध आहे, त्यात भित्रेपणाचा काही संबंध नाही, असं म्हणाल्या. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, आमच्या देखरेखीखाली कमी करत आणायच्या, म्हणून दाखल व्हा. त्याला तिथेच दाखल केलं आणि शेठना मी फोन केला. त्यांनी सुट्टी दिली, खर्चाचंही बघू म्हणाले.

मी यार्डात परत आलो तेव्हा त्याच्या गाडीत कोल्हापूरचा माल भरला जात होता. बदली ड्रायव्हर आला होता. त्याने काही मागितलं नव्हतं. तो आपली चादर काखेत मारून उभा होता. आणि मी हमालाला म्हणालो, "आधी केबिन रिकामी कर. सगळं पोत्यात भर आणि माझ्याकडे आणून ठेव."

का म्हणालो? तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गादीखाली गोळ्यांची पाकिटं असतील, रस्त्यात पोलिसांनी तपासलं तर बदलीवाला फुकट अडकेल. ही भीती खरी होती. पण मग मी स्वतः वर चढून पाकिटं शोधू शकलो असतो. मला त्या केबिनमध्ये परत चढायचं नव्हतं. गादीच्या कोणत्या कोपऱ्याला उसवून त्यात पाकीट ठेवतात, हे मला माहीत होतं, कारण मीही माझ्या गादीत तिथेच ठेवत होतो. बंगळूरच्या लाइनवर निदान तीन पावसाळे मी त्याच गोळ्यांवर गाडी चालवली. घरी सांगितलं नाही, मालकाला सांगितलं नाही, डॉक्टरला तर नाहीच. सुटल्या त्या कावीळ होऊन दवाखान्यात पडलो म्हणून. मी ठरवून काही सोडलं नव्हतं.

पोतं खाली आलं तेव्हा चहाची वेळ होती. सगळे ड्रायव्हर टपरीपाशी कप घेऊन उभे होते. पोत्यातून स्टोव्हचा पाय बाहेर आला होता. हमालाने देवाचा फोटो वेगळा हातात धरला होता, तेवढी त्याला अक्कल होती. मी पोतं माझ्या खुर्चीमागे ठेवून घेतलं.

बातमी माझ्याआधी त्याच्या वॉर्डात पोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा बोलायला उभा राहिलो. काही त्रास असेल तर सांगा, म्हणालो. सगळे बुटांकडे बघत होते. एकाचे डोळे तांबडे दिसले म्हणून मी जवळ जाऊन विचारलं, "झोप झाली का रे?"

"झाली की. सपनात तुमी आलता, पोतं घिऊन."

कोणी हसलं नाही, आणि पुढे रोज तेच. "कसं काय?" म्हटलं की "एक नंबर, दादा." "काही त्रास?" "काय त्रास? आमचा बिस्तरा तेवढा वर ऱ्हाऊ द्या." एकजण महिनाभर हात कापत असताना गाडी चालवत होता, ते मला त्याच्या मेव्हण्याकडून कळलं. माझ्या शब्दाची यार्डात ही किंमत झाली होती.

त्याला दवाखान्यातून सोडलं. तो यार्डात आला नाही. फोन उचलायचा, "बराय" म्हणायचा, ठेवायचा. मग मला कळलं की त्याला दुसरीकडून गाडी मिळतेय. तिथे फुंकायला लावत नाहीत, विचारत नाहीत, फक्त पोचायची वेळ सांगतात. डॉक्टरबाईंनी त्याला बजावलं होतं की अजून काही महिने लांबचा पल्ला आणि रात्रीची गाडी नको. तो तिकडे गेला तर आजार लपवूनच जाणार होता, आणि लपवायचं म्हटलं की पुन्हा गोळीच. हे मला स्पष्ट दिसत होतं. तो त्या रस्त्याला लागला तर माझ्यामुळे लागणार होता.

एका रविवारी पोतं मोटरसायकलच्या मागे बांधलं आणि दिवे घाट चढून त्याच्या गावी गेलो. त्याच्या वस्तू त्याला परत द्याव्यात, दोन शब्द बोलावेत, असं मनात होतं. दारात त्याची बायको होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग मागच्या पोत्याकडे.

"दादा, ते हितं नगा आनू."

"अहो वहिनी, त्याचंच सामान आहे."

"त्याचं हाय म्हनूनच. गाडीतलं सामान घरात आलं म्हंजे काय झालं, ते तुमाला सांगावं लागतंय व्हय?"

मी पोतं सोडवायला लावलेला हात मागे घेतला. बिस्तरा एकदा यार्डात उतरवला होता, आता मी तो त्याच्या घरात उतरवायला निघालो होतो.

तो बाहेर आला. वजन उतरलं होतं, पण चेहरा स्वच्छ दिसत होता. डोळ्यांत पूर्वीचा तो ताण नव्हता. आम्ही गोठ्याजवळ बसलो. मी बोलायला सुरुवात केली की मी तुझ्या भल्यासाठीच... त्याने हाताने थांबवलं.

"दादा, बिस्तऱ्याचं जाऊ द्या. मी तुमाला एक विचारलं व्हतं. आठवतंय?"

"काय?"

"तुमी घेतल्यात का म्हनून. बंगळूरच्या लाइनला मी शेजारच्या सीटवर व्हतो. तुमची गादी मी उन्हात घालायचो. मला म्हाईत नव्हतं म्हनून विचारलं का मी?"

मी पायाजवळची वैरणीची काडी उचलून मोडत बसलो.

"तुमी नुसतं 'व्हय' म्हनला असता ना, तर मी दवाखान्यात एकटा नसतो झोपलो."

त्याच्या बायकोने चहा आणला. मी प्यायलो. काय बोललो ते आठवत नाही. पोतं तसंच बांधलेलं होतं, ते घेऊन घाट उतरलो.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. गोळ्यांचंही, पहिल्यांदाच. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली.

"अहो, तुमच्या शर्टाच्या खिशात पाकिटं सापडायची मला धुताना," ती म्हणाली. "विचारलं की तुम्ही म्हणायचात, डोकं दुखतं. मी म्हटलं, असेल दुखत. एवढं वर्षानुवर्षं डोकं दुखणारा माणूस डॉक्टरकडे का जात नाही, हे विचारायचं राहून गेलं."

"मग आता?"

"आता मला सांगून काय उपयोग? ज्यांना 'सांगा, सांगा' म्हणता त्यांना सांगा."

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये गेलो. त्यांना सगळं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले.

"काका, रिस्पेक्ट. खरंच. पण हे सगळ्यांसमोर बोलायची गरज आहे का? क्लायंटच्या कानावर गेलं, इन्शुरन्सवाल्यांच्या कानावर गेलं, तर?"

"मग सकाळचं बोलणं बंद करू."

"असं कसं? ते तर मीच सुरू केलंय."

"शेठ, मी उभा राहून सांगतो की सांगा, आणि माझंच झाकून ठेवतो. ते त्यांना कळतं. आता कोणी मला काही सांगणार नाही. गाडी मात्र सगळे चालवणार. तुम्हाला कोणती भीती परवडते ते बघा."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. मग म्हणाले, "त्याची गाडी?"

"त्याचीच राहील. उपचार सुरू आहेत तोवर बदलीवाला चालवेल, बिस्तरा वर ठेवून. नंतर डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी गावातल्या गावात, दिवसाची. जो कोणी येऊन सांगेल त्याला हाच नियम."

"नियम म्हणून सांगू?"

"बिस्तरा हलणार नाही, एवढंच सांगू. त्यांना नियम त्यातच कळतो."

शेठ म्हणाले, "ठीक आहे. पण मीही तिथे उभा राहीन." हे त्यांनी मनापासून केलं, आणि मी ते विसरणार नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. तो आज आमच्याकडे आहे. आधी हडपसर ते चाकण असा दिवसाचा माल नेत होता. मग एकदा डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर मी त्याच्या शेजारी बसून बोगद्यातून गेलो. आत शिरताना तो मोठ्याने आकडे म्हणत होता, तेही त्याला डॉक्टरांनीच शिकवलं होतं. बाहेर पडल्यावर म्हणाला, "दादा, तुमी का घाम पुसताय?" महिन्यातून एकदा तो दवाखान्यात जातो, आणि जाताना यार्डात मोठ्याने सांगून जातो, "येड्याच्या डॉक्टरकडं निघालो. कुनाला यायचंय का?" पहिल्यांदा कोणी हसलं नाही. आता हसतात, आणि त्याच्याबरोबर दोघंजण गेलेही आहेत. ज्याचे हात कापत होते तो त्यांतलाच एक. सगळे बोलतात असं नाही. पण सकाळी मी विचारतो तेव्हा लोक बुटांकडे बघत नाहीत.

आता शेठ 'मीही उभा राहीन' म्हणाले होते, त्या दिवसाचं.

त्याची गाडी कोल्हापूरहून येऊन यार्डात लागली होती. मी त्याला फोन करून एवढंच सांगितलं होतं की गाडी बघायला ये. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण चहाच्या वेळेला तो गेटातून आत आला आणि सगळ्यांपासून थोडा लांब उभा राहिला. शेठ टपरीपाशी कप घेऊन उभे होते.

मी खुर्चीमागचं पोतं खांद्यावर घेतलं. हमाल धावत आला, त्याला नको म्हणालो. पोतं घेऊन केबिनची पायरी चढताना गुडघा असा दुखला की वाटलं मागेच पडतो. वर जाऊन गादी फळीवर टाकली, ज्यातली पाकिटं मी आधीच काढून फेकली होती तो उसवलेला कोपरा भिंतीकडे केला, चादर घातली, उशी ठेवली. स्टोव्ह खाली सरकवला. फोटो लावायला काचेपाशी गेलो तर जुन्या चिकटपट्टीचा डाग तसाच होता, त्यावर बरोबर बसवला. बदलीवाल्याने त्या जागी दुसरं काही लावलं नव्हतं. मग खाली उतरलो आणि सगळ्यांच्या मधून चालत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मुद्दाम मोठ्याने बोललो, मागच्या माणसालाही ऐकू जावं म्हणून.

"मी ऐन उमेदीत तीन पावसाळे गोळ्यांवर गाडी चालवली. तू शेजारी बसला होतास. तू मला विचारलंस तेव्हा मी नाही म्हणालो. तू खरं सांगितलंस आणि मी तुझा बिस्तरा उतरवला, त्याचा अर्थ काय होतो हे माहीत असून उतरवला. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं. मला माफ कर."